बालआसन आणि बूस्टर (मोटारगाडीतील)

मोटारगाडीच्या प्रवासात, विशेषतः अपघातात, लहान मुलाचे रक्षण व्हावे म्हणून गाडीच्या आसनावर घट्ट बसवायचे वेगळे आसन म्हणजे बालआसन. बोलण्यात ‘कार सीट’ हाच शब्द रूढ आहे. गाडीतला सीटबेल्ट मोठ्या माणसाच्या मापाने घडवलेला असतो. मुलाचे शरीर त्या मापात येईपर्यंतची वर्षे निभावून नेणे हे या आसनाचे काम. आधी पाठमोरी (गाडीच्या मागच्या बाजूला तोंड असलेली) सीट, मग पुढे तोंड असलेली, स्वतःच्या पट्ट्यांची सीट, नंतर बूस्टर (मुलाला उंच बसवणारे आसन) आणि शेवटी नुसता सीटबेल्ट असा क्रम असतो. मूल पुढच्या पायरीवर गेले की घरच्यांना कौतुक वाटते, पण प्रत्येक पायरीला संरक्षण थोडे कमी होत जाते. म्हणून ‘पुढची सीट कधी घ्यायची?’ यापेक्षा ‘आताच्या सीटमध्ये मूल अजून मावते का?’ हा प्रश्न पालकांच्या जास्त उपयोगाचा आहे.

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी धडकून एक दशांश सेकंदात थांबली, तर १० किलोच्या बाळाला धरून ठेवायला सुमारे १४० किलोचे ओझे पेलण्याइतका जोर लागतो. इतका जोर कुणाच्याच हातांत नसतो, त्यामुळे मांडीवर घट्ट धरलेले बाळही हातातून सुटते. आपल्याच पट्ट्यात बाळाला घेणे त्याहून घातक, कारण मोठ्या माणसाचे सगळे वजन पट्ट्यावर बाळाला चिरडते.

मुलांसाठी गाडीतल्या खुर्च्या १९३० च्या दशकापासून मिळत होत्या, पण मूल एका जागी राहावे आणि त्याला खिडकीबाहेरचे दिसावे एवढाच त्यांचा हेतू होता. सुरक्षेचा विचार १९६० च्या दशकात सुरू झाला. ब्रिटनमध्ये जीन एम्स आणि अमेरिकेत लेनर्ड रिव्हकिन यांनी १९६२ च्या सुमारास पट्टे असलेल्या सीटचे आराखडे केले. स्वीडनमध्ये बर्टिल आल्डमन यांना पाठमोऱ्या सीटची कल्पना अंतराळवीरांच्या आसनांवरून सुचली. उड्डाणाचा जोर अंतराळवीर सगळ्या पाठीवर घेतात, तसाच धडकेचा जोर बाळाने घ्यावा, अशी ती कल्पना. मुलांना सीटमध्ये बसवणे सक्तीचे करणारे अमेरिकेतले पहिले राज्य टेनेसी. तेथे हा कायदा १९७८ मध्ये लागू झाला.

पाठमोऱ्या सीटचे महत्त्व बाळाच्या देहरचनेत आहे. नवजात बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या जवळपास एक चतुर्थांश असते. मानेचे मणके अजून काही अंशी कूर्चेचे, म्हणजे मऊ आणि लवचीक असतात, त्यांचे भाग हाडाने पूर्ण जुळायला काही वर्षे जातात. पुढे तोंड करून बसलेल्या बाळाचे धड समोरच्या धडकेत पट्टे अडवतात, पण जड डोके पुढे फेकले जाते आणि सगळा ताण मानेवर येतो. पाठमोऱ्या बाळाचे डोके, मान आणि पाठ एकत्रच सीटच्या पाठीत दाबली जातात. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्ये दोन वर्षांपर्यंत पाठमोरे बसवा असे सांगितले होते. २०१८ मध्ये वयाची ती अट काढून, सीटची वजनाची किंवा उंचीची मर्यादा गाठेपर्यंत पाठमोरेच ठेवा असा सल्ला दिला. बालआसनांसाठी युरोपात लागू असलेल्या आर १२९ या नियमात किमान १५ महिने पाठमोरे बसवणे बंधनकारक आहे. मुलाचे पाय समोर येणाऱ्या गाडीच्या आसनाच्या पाठीला टेकतात म्हणून सीट वळवण्याची घाई पुष्कळ पालक करतात. पाय दुमडून बसणे मुलांना सहज जमते, ते सीट वळवण्याचे कारण नव्हे. पाठमोरी सीट मात्र चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवू नये. उघडणारी एअरबॅग सीटच्या पाठीवर आदळून बाळाचा जीव जाऊ शकतो.

खांद्याचे पट्टे कुठून निघावेत याचा नियम दिशेप्रमाणे बदलतो. पाठमोऱ्या सीटमध्ये ते खांद्याच्या पातळीत किंवा जरा खालून यावेत, कारण धडकेत बाळ सीटच्या पाठीवरून वर सरकू पाहते. पुढे तोंड असेल तर खांद्याच्या पातळीत किंवा जरा वरून. गळ्याखालच्या आडव्या हाडापाशी पट्टा चिमटीत धरून पाहावा. घडी आली तर पट्टा सैल आहे. जाड जाकीट घालून पट्टा बांधला की तो घट्ट वाटतो, पण धडकेत जाकीट दबते आणि मूल पट्ट्यात सैल पडते. जाकीट काढून पट्टे आवळावेत आणि वरून पांघरूण घालावे. पुढे तोंड असलेल्या सीटचा वरचा बांधणीपट्टाही गाडीतल्या कडीला लावायचा असतो. तो डोक्याची पुढची फेक कमी करतो, तरीही बरेचदा लावायचा राहून जातो.

सीट निवडताना ती मुलाला, आपल्या गाडीला आणि रोज बसवणाऱ्या हातांना जमते का, हे पाहावे. एका बाजारात विकल्या जाणाऱ्या सगळ्या सीटना सुरक्षेची किमान चाचणी सारखीच असते. महाग सीट चुकीची बांधली तर स्वस्त पण नीट बांधलेल्या सीटची बरोबरी करत नाही. पट्टा जिथून जातो तिथे हाताने हलवल्यावर सीट अडीच सेंटिमीटरहून जास्त सरकू नये. पूर्वेतिहास माहीत नसलेली वापरलेली सीट घेऊ नये, आणि सीटवर छापलेली वापराची मुदत संपल्यावर ती बदलावी.

बूस्टरमध्ये मुलाला धरून ठेवणारे स्वतःचे पट्टे नसतात. ते मुलाला उंच बसवते, म्हणजे गाडीचाच पट्टा योग्य हाडांवर येतो. कमरेच्या पट्ट्याला अडवून धरणारी श्रोणीची, म्हणजे कमरेच्या हाडांची, टोके लहानपणी पुरती वाढलेली नसतात. त्यामुळे बूस्टर नसेल तर पट्टा वर सरकून मऊ पोटात रुततो आणि आतडी व कणा दोन्ही जखमी होऊ शकतात. पट्ट्यांच्या सीटची उंचीची वा वजनाची मर्यादा खरोखर संपली आणि मूल सगळा प्रवास सरळ बसू शकत असेल, तरच बूस्टरवर जावे. चौथ्या वाढदिवसाला मूल बूस्टरच्या वजनात बसते, पण झोप लागली की कलंडते किंवा पट्टा काखेखाली घेते. अशा मुलासाठी पट्ट्यांची सीटच बरी. उंच पाठीच्या बूस्टरला डोक्याचा आधार आणि पट्ट्याची वाट दोन्ही असतात; नुसत्या गादीसारखे बूस्टर मोठ्या मुलांसाठी असते.

बूस्टर सोडायची उंची अमेरिकेत साधारण १४५ सेंटिमीटर धरतात, युरोपात देशागणिक १३५ किंवा १५०. बहुतेक मुले ती आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान गाठतात. आकड्याबरोबर गाडीत बसवून पाहणेही हवे. पाठ आसनाला टेकलेली, गुडघे आसनाच्या कडेवर वाकलेले, कमरेचा पट्टा पोटावर नव्हे तर खाली मांड्यांवर टेकलेला, खांद्याचा पट्टा मानेला न घासता छातीच्या मधून गेलेला, आणि हे सगळे पूर्ण प्रवासभर टिकलेले असावे. आसनांची खोली आणि पट्ट्यांची जागा गाडीगणिक वेगळी असते, त्यामुळे एका गाडीत ही परीक्षा पास होणाऱ्या मुलाला दुसऱ्या गाडीत त्याच दिवशी बूस्टर लागू शकते.