पार्श्वभूमी : औषधाला दाद न देणारे जंतू आणि विदर्भातली खेडी

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने नव्वदच्या दशकात गावच्या बायकांना नवजात बाळातला जंतुसंसर्ग ओळखायला शिकवलं. बाळाला घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि को-ट्रायमोक्सॅझोलचं पातळ औषध मिळू लागलं. 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले : तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला होता. हे यश एका भरवशावर उभं होतं, की साधं, स्वस्त प्रतिजैविक लागू पडतं.

तो भरवसा जगभर ढासळतो आहे. 2019 मध्ये प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे थेट सुमारे 12.7 लाख माणसं दगावली, असा अंदाज आहे. गरीब देशांवर हा भार जास्त. आपल्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत बाया ताप अंगावर काढतात, कारण रोजी बुडते. मग मेडिकलवर ‘भाऊ, दोन डोज द्या’ म्हणायचं, दुकानदार पत्ता कापून चार गोळ्या देतो, बरं वाटलं की उरलेल्या डब्यात. दोष अशा बाईला देऊ नये; दवाखाना लांब आणि दिवसाची मजुरी जवळची.

जंतू ओळखायची जुनी रीत म्हणजे कल्चर. जंतू वाढवायचा, बशीत औषधाच्या चकत्या ठेवायच्या आणि कोणत्या चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ पडतं ते बघायचं. दोन-तीन दिवस जातात. कोणतं औषध चालणार नाही ते कळतं. जंतू कुठून आला ते नाही.

ते जीनोम, म्हणजे जंतूच्या डीएनएचा सगळा मजकूर, सांगतो. 1995 साली पहिल्यांदा एका जिवाणूचा संपूर्ण जीनोम वाचला गेला, 1998 मध्ये क्षयाच्या जंतूचा. 2010 साली ईशान्य थायलंडमधल्या एका रुग्णालयातल्या एमआरएसए या, नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंचे जीनोम वाचून, कोणते रुग्ण संसर्गाच्या एकाच साखळीतले हे शास्त्रज्ञांनी दाखवलं. 2016 च्या अखेरीस सिंधमधल्या हैदराबादेत टायफॉइड सेफ्ट्रियाक्झोन या प्रतिजैविकालाही दाद देईना. वाचल्यावर दिसलं की त्या जंतूने प्रतिकाराचे जनुक असलेला प्लास्मिड, म्हणजे डीएनएचा सुटा तुकडा, मिळवला होता. ही दोन्ही वाचनं इंग्लंडमध्ये झाली, हे मला खटकतं. रुग्ण आपल्यासारख्यांचे आणि उत्तर परदेशातून. 2017 नंतर बंगळुरूसह नायजेरिया, कोलंबिया, फिलिपिन्समध्ये स्थानिक प्रयोगशाळांनीच हे काम हाती घेतलं, ती खरी चांगली बातमी.

विदर्भातल्या खेड्यांची जनुकीय तपासणीशी पहिली ओळख क्षयामुळे झाली. बेडक्याचा नमुना सीबीनॅट या जनुक तपासणाऱ्या यंत्रात घातला की दोनेक तासांत रिफाम्पिसिन हे क्षयावरचं मुख्य औषध लागू पडेल का ते कळतं. पण तिथे एका जनुकाचा तुकडाच तपासतात. पूर्ण जीनोम वाचायला बहुतेक वेळा आधी कल्चर लागतं, आणि नेमकं तिथेच घोडं अडतं. भामरागड किंवा धारणीसारख्या दुर्गम भागातला रुग्ण मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत त्याला गावात दोन-तीन इंजेक्शनं मिळालेली असतात. मग कल्चरसाठी घेतलेल्या रक्ताच्या बाटलीत काही उगवतच नाही. सेवाग्रामला 1969 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपूरला मोठी रुग्णालयं आहेत. तिथवर पोचतो तो बहुधा गुंतागुंत झालेला रुग्ण. गावातल्या साध्या लघवीच्या संसर्गातला जंतू नोंदीतच येत नाही.

म्हणून पैसा थोडा असेल तर महागड्या मशीनआधी तो उपजिल्हा रुग्णालयातल्या कल्चरवर, तंत्रज्ञाच्या कायम नेमणुकीवर आणि जंतू जपून ठेवायच्या डीप फ्रीजरवर खर्च व्हावा. नीट गोठवलेला जंतू पाच वर्षांनीही वाचता येतो.