धंदा वाढला, आता उद्यम नोंदणीचं काय? पात्रता, कागदपत्रं आणि अपडेटची पद्धत

उद्यम नोंदणी म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम अशा तीन वर्गांतल्या उद्योगांची सरकारी नोंदणी. धंदा वाढून वरच्या वर्गात गेलो तर सवलती जातील, या धास्तीने अनेक उद्योजक नवी मशीन घ्यायला कचरतात. काही जण तर घरातल्या कुणाच्या तरी नावाने दुसरी फर्म काढतात. नियम नीट पाहिले तर हा खटाटोप बहुतेकदा अनाठायी ठरतो.

वर्ग दोनच आकड्यांवर ठरतो: यंत्रसामग्रीतली गुंतवणूक आणि वार्षिक उलाढाल. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा अशा आहेत. सूक्ष्म: अडीच कोटी गुंतवणूक, १० कोटी उलाढाल. लघु: २५ आणि १०० कोटी. मध्यम: १२५ आणि ५०० कोटी. यातला एक आकडा जरी ओलांडला तरी उद्योग वर सरकतो. खाली यायला मात्र दोन्ही आकडे उतरावे लागतात. अर्जात कामगारांची संख्या भरावी लागते, पण तिच्यावरून वर्ग बदलत नाही. तेव्हा माणसं वाढवायला या कारणासाठी तरी घाबरू नका.

आणखी एक गोष्ट, जी हिशेबात हमखास सुटते. निर्यातीची रक्कम उलाढालीत धरत नाहीत. जमीन, इमारत आणि फर्निचर गुंतवणुकीत धरत नाहीत. समजा उलाढाल ११ कोटी आहे आणि त्यातली २ कोटींची निर्यात. मग हिशेबाला ९ कोटीच. गुंतवणूक मर्यादेत असेल तर उद्योग सूक्ष्मच राहतो. मात्र एकाच पॅनवरची सगळी युनिट एकत्र मोजली जातात.

उत्पादन किंवा सेवा देणारी कुठलीही प्रोप्रायटरी फर्म, भागीदारी, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी), कंपनी, सहकारी संस्था किंवा ट्रस्ट नोंदणी करू शकतो. घाऊक-किरकोळ व्यापाऱ्यांनाही २०२१ पासून नोंदणी खुली आहे, पण फायदा फक्त बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरता.

नोंदणीसाठी काहीही अपलोड करावं लागत नाही. मालकाचा, व्यवस्थापकीय भागीदाराचा किंवा अधिकृत सहीदाराचा आधार, पॅन, लागू असेल तर जीएसटी क्रमांक, बँक खातं आणि आयएफएससी कोड, पत्ता आणि कामाचा एनआयसी कोड (व्यवसायाच्या प्रकाराचा सरकारी क्रमांक) एवढं जवळ ठेवा. ओटीपी येणारा मोबाईल चालू हवा. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. नोंदणी सरकारी उद्यम पोर्टलवर होते आणि ती मोफत आहे. नूतनीकरणाची भानगड नाही. कुणी ‘रिन्यूअल फी’ मागितली तर सरळ फोन ठेवून द्या.

आधीच नोंदणी असेल तर नवी करू नका; एका उद्योगाला एकच नोंदणी असते. पोर्टलवर अपडेटच्या पर्यायात जा, उद्यम क्रमांक टाका, ओटीपी द्या आणि नवं युनिट, नवं काम, कामगारसंख्या भरा. गुंतवणूक-उलाढालीचे आकडे पोर्टल आयकर आणि जीएसटी विवरणपत्रांतून स्वतःच उचलतं, त्यामुळे विवरणपत्रं वेळेवर हवीत. माहिती अद्ययावत ठेवली नाही तर नोंदणी निलंबित होऊ शकते.

आता मुख्य धास्ती. वर्ग वर गेला तरी आधीच्या वर्गाचे करेतर लाभ (करसवलती सोडून बाकीचे) वर्ग बदलल्या तारखेपासून तीन वर्षं चालू राहतात, अशी अधिसूचना ऑक्टोबर २०२२ मध्ये निघाली आहे. सरकारी खरेदीतलं प्राधान्य आणि थकलेल्या बिलांबाबतचं संरक्षण दोन्ही त्यात येतं.

माणसं वाढल्यावर लागणारे कायदे मात्र वेगळे: साधारणपणे १० कामगारांवर ईएसआय (कर्मचारी राज्य विमा), २० वर भविष्य निर्वाह निधी. त्यांची नोंदणी स्वतंत्र करावी लागते.