छाया आणि पडछाया: कड नक्की कुणाची?

"टीचर, सावली झाली."
"कुठली?"
"कांद्याची."

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या हॉलमध्ये, चित्रकलेच्या वर्गात दर रविवारी हा संवाद ठरलेला. मी विचारते, "दोनपैकी कुठली?" मुलगा आधी माझ्याकडे बघतो, मग कागदाकडे. कागदावर कांद्याची उजवी बाजू आणि टेबलावरचा काळा पट्टा बोटाने घासून घासून एक झालेले असतात. दुसऱ्या बाजूला आई मोबाइल काढून उभी, कारण इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षेत ए ग्रेड आली की दहावीला ७ गुण मिळतात.

यात दोष मुलांचा कमी, आपल्या बोलण्याचा जास्त. उन्हात आपल्यामागे पडते तीही सावली आणि तांब्याची जी बाजू खिडकीकडे पाठ करून बसली आहे, तिथे आहे तीही सावलीच. वर्गात मात्र दोन शब्द आहेत. वस्तूच्या अंगावर, उजेडाकडे तोंड नसलेल्या भागात असते ती छाया. वस्तूने उजेड अडवला म्हणून दुसरीकडे पडते ती पडछाया. लिओनार्दो दा विंचीने पाचेकशे वर्षांपूर्वी हाच भेद करून पानंच्या पानं लिहिली होती, म्हणजे हे काही परीक्षेसाठी काढलेलं खूळ नाही.

जागेचा फरक सगळ्यांना कळतो, त्यावर शाई घालवत नाही. गडदपणाचंही थोडक्यात: छायेत टेबलावरून उसळलेला उजेड शिरतो, म्हणून ती बहुधा पडछायेपेक्षा जरा फिकी. सगळ्यांत काळी रेघ कांदा टेबलाला टेकतो तिथे. ६बीची जास्त काळी पेन्सिल लागली तर तिथेच, बाकी काम २बीने भागतं.

खरी गोची कडेची आहे. बहुतेक व्हिडिओंत एक वाक्य फेकून देतात: "छायेची कड मऊ, पडछायेची कडक." हे वाक्य ऐकून आलेली मुलं काडेपेटीसुद्धा बोटाने घासून गोल करतात! काडेपेटीची उजेडातली बाजू जिथे संपते, तिथे छाया एकदम सुरू होते, सुरीने कापल्यासारखी. कांद्यावर तसं होत नाही, कारण कांद्याचं अंग उजेडाकडून हळूहळू वळतं. म्हणजे छायेची कड मऊ की कडक, हे वस्तूचा आकार ठरवतो. तीच कड बघून आपल्याला कळतं की वस्तू गोल आहे, चपटी आहे की कोनाची.

पडछायेच्या कडेला कांद्याच्या गोलाईशी फारसं देणंघेणं नाही. ती ठरते दिवा केवढा आहे आणि सावली वस्तूपासून किती लांब पडली आहे यावर. सूर्यसुद्धा ठिपका नाही, आकाशात साधारण अर्धा अंश रुंद आहे. त्यामुळे ऊन सरळ पडत असेल तर १० सेंटिमीटरवरून पडलेल्या सावलीची कड जेमतेम १ मिलिमीटर विरते, १ मीटरवरून पडलेली सुमारे ९ मिलिमीटर. विश्वास नसेल तर सकाळी तलावपाळीला चक्कर मारा. दिव्याच्या खांबाची सावली बुंध्याशी रेखीव असते आणि टोकाकडे पातळ होत विरते. एकाच सावलीत दोन्ही कडा! म्हणून पडछायेभोवती आधी बाह्यरेषा काढून आत रंगवल्यासारखं भरणं मला अजिबात चालत नाही.

घरातली ट्यूब तर आणखी फसवी. टेबलाच्या वर थोडी उंच पेन्सिल धरा. ट्यूबला समांतर धरली तर सावली बऱ्यापैकी रेखीव येते. तीच आडवी फिरवली की सावली जवळजवळ नाहीशी होते, कारण ट्यूबच्या दोन्ही टोकांकडून उजेड पेन्सिलीमागे पोचतो. दोन ट्यूब आणि शिवाय खिडकी, अशा हॉलमध्ये वस्तुचित्र करायला बसायचं आणि "मला सावली दिसत नाही" म्हणून रडायचं, याला काय अर्थ आहे? ट्यूब बंद करा, एकच खिडकी ठेवा. आणि समोर वस्तू असताना तिचा फोटो काढून त्यावरून काढू नका. फोन अंधारे भाग आपल्या मनाने उजळतो.

गेल्या रविवारी काडेपेटी कांद्याला खेटून ठेवली होती. सातवीतल्या एकाने दहा मिनिटं टक लावून बघितलं आणि म्हणाला, "टीचर, ही सावली कांद्याच्या अंगावर आहे. मग ही छाया ना?"

जागेवरून ओळखायला गेलं की इथे सगळे आपटतात. कांद्यावर काडेपेटीची पडछाया चढली होती. कड रेखीव होती, पण सरळ नव्हती, कांद्याच्या फुगवट्यावरून वाकून वर गेली होती. तिच्या शेजारीच कांद्याची स्वतःची छाया सुरू होत होती, कुठून ते बोट ठेवून सांगता येणार नाही इतकी हळू. मी त्याला दोन्ही कडांवरून टोकदार एचबी हवेतच फिरवायला सांगितली. पहिल्या कडेवर हात न थांबता फिरला, दुसऱ्या कडेशी अडखळला. मग त्याने खोडरबर मागितला आणि घासलेलं सगळं पुसून टाकलं.