किल्लीतला सेल आणि किल्लीतली चिप

गाडीचे रिमोट चालेनासे झाले की बहुतेक जण थेट नव्या किल्लीच्या खर्चाची चौकशी करू लागतात. वास्तविक त्या प्लास्टिकच्या कवचात तीन स्वतंत्र वस्तू एकत्र नांदत असतात: धातूचे पाते, दार उघडणारा रेडिओ प्रेषक आणि इंजिनाला परवानगी देणारी इमोबिलायझरची चिप. चिपला सेल लागतच नाही. इग्निशनच्या कुलपाभोवतीचे तारेचे वेटोळे साधारण 125 किलोहर्ट्‌झचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करते आणि त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवरच ती आपली ओळख पटवते. म्हणून सेल संपला तरी पात्याने दार उघडून गाडी सुरू करता येते.

पूर्वी लांबून उघडणारे दार अगदी जवळ गेल्याशिवाय उघडेनासे झाले, तर पहिला संशय सेलवर घ्यावा. अनेक किल्ल्यांत 20 मिलिमीटर व्यासाचा, 3 व्होल्टचा सीआर2032 सेल असतो. मल्टिमीटर येथे हमखास फसवतो, कारण जुना सेल बाहेर काढून मोजला तर 3 व्होल्टच्या आसपास दाखवतो, पण त्याचा अंतर्गत रोध वाढलेला असल्यामुळे बटण दाबून प्रेषकाने प्रवाह मागताच व्होल्टता कोसळते. त्यापेक्षा नवा सेल घालून पाहणे सोपे. जुना सेल मात्र दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून मुलांपासून दूर ठेवावा. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांतही गंभीर इजा करू शकतो.

एकच बटण रुसले असेल, तर दोष बहुधा सेलचा नसून त्या बटणाखालच्या स्विचचा किंवा त्याच्या तडकलेल्या डाखाचा असतो. घड्याळ किंवा मोबाइल दुरुस्त करणारा कारागीर तो डाख पुन्हा देऊ शकतो.

किल्ली पावसात भिजली किंवा समुद्रात पडली, तर आधी सेल काढावा, कारण ओलाव्यातून वाहणारा विद्युतप्रवाहच तांब्याच्या रेषा झपाट्याने कुरतडतो. खारे पाणी लागले असल्यास सर्किट बोर्ड आधी स्वच्छ गोड्या पाण्याने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळवावा. तांदळाच्या डब्यात ठेवून क्षार निघत नाहीत, उलट पिठूळ धूळ मात्र आत जाते.

झिजलेले कवच बदलताना एक चूक वारंवार होते. काही किल्ल्यांत चिप बोर्डवर नसून जुन्या कवचाच्या खोबणीत वेगळी बसवलेली असते. ती तशीच कचऱ्यात गेली, की दार नव्या किल्लीने झोकात उघडते आणि इंजिन मात्र सुरू होत नाही.