शासकीय निर्णय आणि आकडेवारी : कोकण किनारपट्टी

शासकीय यंत्रणेने आपल्याकडच्या नोंदी, मोजमापे आणि पाहण्या वापरून निर्णय घेण्याच्या पद्धतीला विदाधारित निर्णयप्रक्रिया म्हणतात. विदा म्हणजे डेटा. सरकारी कचेरीत मात्र हा शब्द क्वचितच ऐकू येतो. तिथे ‘आकडेवारी’, ‘अहवाल’ आणि ‘तक्ता भरून पाठवा’ हीच भाषा चालते. तलाठ्याकडे गाव नमुने (जमीन-महसुलाच्या ठरावीक नोंदवह्या) असतात, ग्रामपंचायतीत जन्ममृत्यूची नोंदवही असते, आरोग्य उपकेंद्रात तापाच्या रुग्णांची यादी असते. राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय प्रत्येक जिल्ह्याचे सामाजिक व आर्थिक समालोचन प्रसिद्ध करते. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या पट्ट्यात माहितीची वानवा नाही. ती कुठे, केव्हा आणि कोणत्या एककात मोजली यावर तिचा उपयोग ठरतो, आणि या तिन्ही बाबतींत कोकण देशावरच्या हिशोबात बसत नाही.

गाव की वाडी

कोकणातले गाव एका जागी नसते. खाडीकाठी एक वाडी, सड्यावर (कातळाच्या उंच पठारावर) दुसरी, डोंगराच्या कुशीत तिसरी, आणि मधे पऱ्ये (ओहोळ) व चढउतार. महसुली दप्तरात मात्र हे सारे एकच गाव. खालच्या वाडीची विहीर मे महिन्यातही भरलेली असते आणि सड्यावरच्या वाडीत फेब्रुवारीतच दोर तळाला लागतो. गावाची सरासरी काढली की दोन्ही वाड्या कागदावर सुखी दिसतात. पाणीटंचाईच्या अहवालांत ‘इतकी गावे आणि इतक्या वाड्या’ असे वेगवेगळे आकडे देण्याची पद्धत आहे, आणि ती अत्यंत योग्य आहे.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. पावसाळा संपताना मोजलेली पातळी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून टंचाईचा अंदाज बांधला जातो. जिथे पावसाचीच तूट पडते तिथे ही रीत चांगली लागू पडते. कोकणात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस होतो, त्यामुळे ऑक्टोबरात विहिरी बहुधा तुडुंब असतात. पण इथला जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, आणि तीव्र उतारावरून ते समुद्राकडे निघून जाते. इथे किती पाणी मुरले यापेक्षा ते किती दिवसांत उतरले हे कळणे महत्त्वाचे. वाडीच्या विहिरीची पातळी जानेवारीपासून दर पंधरवड्याला एका वहीत लिहून ठेवली, तर टँकर कधी लागणार हे दोन महिने आधी सांगता येईल. त्याला महागडे यंत्र लागत नाही, खुणा केलेला दोर पुरतो.

एककाचा प्रश्न किती खोल जातो हे निसर्ग चक्रीवादळाने दाखवले. 3 जून 2020 रोजी ते अलिबागजवळ किनाऱ्याला धडकले आणि श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगड भागातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. बागायतीला हेक्टरी 50,000 रुपये मदत जाहीर झाली. आकडा मोठा वाटतो, पण इथली वाडी (कोकणात बागेलाही वाडीच म्हणतात) पाच-दहा गुंठ्यांची असते. पाच गुंठ्यांना त्या हिशोबाने जेमतेम 2,500 रुपये पडतात. तेवढ्या जागेत नारळ, पोफळी, मिरी, जायफळ असे सारे एकावर एक वाढलेले असते आणि पोफळ पुन्हा उत्पन्नावर यायला कित्येक वर्षे लागतात. बागायतदारांनी हे लावून धरल्यावर शासनाने प्रतिझाड मदतीचा निर्णय घेतला. पंचनामे तेच, नुकसानही तेच. मोजायचे काय हे बदलले आणि निर्णय माणसांपर्यंत पोचला.

माणसे मोजण्याचा मोसम

2011 च्या जनगणनेत रत्नागिरीची लोकसंख्या 16,15,069 भरली. 2001 मध्ये ती 16,96,777 होती. सिंधुदुर्गही 8,68,825 वरून 8,49,651 वर आला. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या. यामागे मुंबईची वाट आहे, हे कोकणात कुणाला सांगावे लागत नाही. पण जनगणना फेब्रुवारीत झाली. शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमानी घरी येतात तेव्हा त्याच गावात माणसे दुपटीने दिसतात. मे हाच टंचाईचा महिना. माणशी लिटरचा हिशोब फेब्रुवारीच्या डोक्यांवर केला तर टँकर कमी पडणारच. एसटीने हे केव्हाच ओळखले आहे: गणपतीत जादा गाड्या आरक्षण आणि मागच्या वर्षांची गर्दी पाहून सोडल्या जातात. आरोग्य आणि पाणीपुरवठ्याच्या आराखड्यांत अशी मोसमी लोकसंख्या धरायला हवी. 2021 ची जनगणना लांबणीवर पडल्याने अजून 2011 च्याच आकड्यांवर काम चालते, ही अडचण वेगळीच.

पाऊस, भरती आणि घड्याळ

26 जुलै 2005 च्या अतिवृष्टीत सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याला जेमतेम 74. शहर एक, दिवस एक. त्यानंतर मुंबई महापालिकेने विभागवार स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले. कोकणातल्या इतर जिल्ह्यांत राज्याच्या ‘महावेध’ प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रे महसूल मंडळागणिक (काही गावांच्या गटागणिक) आहेत. अतिवृष्टीचे पंचनामे आणि आंबा-काजूचा हवामान आधारित फळपीक विमा या दोन्हींचा निकाल मंडळाच्या आकड्यावर लागतो. केंद्र खाली खोऱ्यात आणि कलमे वर कातळावर असली, तर मोहोर झडवणारा वारा त्या यंत्राला लागतच नाही. शिवाय मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. मराठवाड्यात ही मर्यादा समजू शकते; जुलैतल्या कोकणात तेवढा पाऊस नेहमीचाच.

आणखी एक बारीक गोष्ट. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. रात्री कोसळलेला पाऊस त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या तारखेला लागतो. पूर तासांत चढत असताना चोवीस तासांची बेरीज हाती ठेवून काही उपयोग नसतो.

चिपळूणमध्ये 22 जुलै 2021 च्या पुरात नेमके हेच भोवले. तिथल्या वाशिष्ठी नदीत घाटमाथ्याचा पाऊस उतरतो, कोयनेच्या वीजनिर्मितीचे पाणी कोळकेवाडी धरणामार्गे येते, आणि दाभोळच्या मुखातून शिरलेली भरती गोवळकोटपर्यंत चढते. पूर कशाने वाढला यावर नंतर पुष्कळ वाद झाला. पात्रातला गाळ काढण्यासाठी नागरिकांना उपोषणाला बसावे लागले. पाऊस एका खात्याकडे, विसर्ग (धरणातून सोडलेले पाणी) दुसऱ्याकडे, भरतीचे वेळापत्रक तिसऱ्याकडे. तिन्ही आकडे एकाच घड्याळावर, तासातासाला एका माणसासमोर येणे हेच इथल्या पूरव्यवस्थापनाचे मर्म आहे. बाजारपेठेत पाणी कधी येईल हे त्यातूनच सांगता येते. भरतीचा हिशोब तर खारवी आणि कोळी तोंडीच करतात: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पुनवेला सव्वाअकराच्या पुढे. पुनवेच्या आणि अमावास्येच्या उधाणात घाटावर ढग अडकले, तर खाडीकाठच्या माणसाला सावध व्हायला संदेशाची गरज पडत नाही.

आकड्याला हुकूम जोडणे

मोजमाप असूनही पुष्कळदा काही घडत नाही, कारण कोणत्या आकड्याला कोणी काय करायचे हे आधी ठरलेले नसते. कोकण रेल्वेने ते ठरवले. 2003 मध्ये वैभववाडीजवळ आणि 2004 मध्ये करंजाडीजवळ दगड-दरडींमुळे मोठे अपघात झाल्यानंतर या मार्गावर सुरक्षेची कामे वाढली. पावसाळ्यात वेगळे वेळापत्रक लागते, ठरावीक स्थानकांवर पर्जन्यमापक आहेत, सावित्री आणि वाशिष्ठीच्या पुलांवर पाण्याची पातळी आणि पानवळच्या उंच पुलावर वाऱ्याचा वेग मोजला जातो. जोरदार पावसात गाडीचा वेग ताशी 40 किलोमीटरपर्यंत उतरवण्याच्या सूचना चालकांना असतात. कुणाच्या परवानगीची वाट पाहायची नाही. ही शिस्त तहसील कार्यालयांनी उचलावी अशी आहे.

याद्यांबाबत सावध राहायला हवे. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकरांची ही वाडी दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत नव्हती, असे शासनानेच विधिमंडळात सांगितले. शोधकार्य थांबले तेव्हा 27 मृतदेह सापडले होते आणि 57 माणसे बेपत्ता होती. यादीत नसणे याचा अर्थ धोका नाही असा धरला जातो, वास्तविक तिथे कोणी मोजायला गेलेले नसते इतकेच. रस्ता नसलेल्या वाड्यांबद्दलची माहिती सर्वांत तुटपुंजी असते आणि धोकाही बहुधा तिथेच असतो.

आरोग्य खात्याकडे याच्या उलट उदाहरण आहे. सिंधुदुर्गात दोडामार्ग-सावंतवाडीकडे माकडताप पसरला, तेव्हा रानात मेलेले माकड कळवणे ही महत्त्वाची नोंद ठरली. हा ताप गोचिडीतून पसरतो. माकड मेले की त्या परिसरातली गोचीड धोकादायक समजून काजूच्या बागेत जाणाऱ्यांना आधीच सावध करता येते.

नोंदी तपासून घेणे

चुकीच्या नोंदीवर काढलेला उत्तम तक्ताही चुकीचाच. कोकणात एकेका सातबारावर तीस-चाळीस सहहिस्सेदारांची नावे असतात, त्यांतली बरीच मुंबईत, काही हयातही नाहीत. ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवर पीक नोंदवतो, पण डोंगराआड रेंज नसली की नोंद राहून जाते. व्यक्तीची माहिती गोळा करताना 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याचे भान हवे. पाऊस, विसर्ग, पाणीपातळी यांचे आकडे मात्र माहितीच्या अधिकाराच्या कलम 4 नुसार आपणहून खुले ठेवावेत.

तपासण्याची एक जुनी आणि स्वस्त पद्धत आहे ती चावडी वाचनाची. तलाठी गावकऱ्यांसमोर सातबारा मोठ्याने वाचतो. मधेच मागून कुणी म्हणते, ‘भाऊ, ते तर तीन वर्षांमागे वारले, मुलगा विरारला असतो.’ तलाठी त्या नावासमोर पेन्सिलीने खूण करतो आणि पुढचा गट क्रमांक वाचायला घेतो.