पानांवर फवारा मारून दमटपणा वाढत नाही

हिवाळ्यात मॉन्स्टेरा, कॅलेथिया अशा घरात ठेवायच्या शोभेच्या झाडांच्या पानांच्या कडा तपकिरी पडल्या, की सल्ला ठरलेला: 'रोज पाणी फवारा, जंगलातलं झाड आहे, दमट हवा लागते.' दमट हवा लागते, हे खरं. पण ती फवाऱ्याने मिळत नाही. बारीक थेंब काही मिनिटांत सुकतात, वाफ खोलीभर विरते आणि झाडाभोवतीची हवा होती तेवढीच कोरडी राहते. उलट थंडीत हवा खेळती नसेल तर पानं ओली राहून बुरशीच्या ठिपक्यांची सोय होते. (टिलँड्सियाची, म्हणजे मातीशिवाय वाढणाऱ्या 'एअर प्लांट'ची, गोष्ट वेगळी; ती पाणी पानांतूनच घेते.) दमटपणा खरंच वाढवायचा तर ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत सतत बाष्प सोडणारं यंत्र, लावा.

त्याआधी माती तपासा, कारण बरेचदा दोष हवेचा नसतोच. थंडीत उजेड कमी, वाढ मंद, म्हणून झाड पाणीही कमी ओढतं. उन्हाळ्याच्या हिशोबाने पाणी घालत राहिलं तर मुळं हवेअभावी कुजतात, आणि मग पानांच्या कडा तशाच तपकिरी होतात! बोट दोन इंच मातीत खुपसा. ओल लागली तर झारी बाजूला ठेवा.