सल्लार्थीकेंद्रित समुपदेशन

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॅन्सम रॉजर्स (८ जानेवारी १९०२ – ४ फेब्रुवारी १९८७) यांनी विकसित केलेली समुपदेशनपद्धती. निदान, उपदेश किंवा लक्षणांचा अर्थ लावून दाखवणे यांपेक्षा समुपदेशक व सल्लार्थी (मदत घेण्यास आलेली व्यक्ती) यांच्यातील नात्यालाच ती उपचाराचे मुख्य साधन मानते.

रॉजर्स यांचा जन्म शिकागोजवळच्या ओक पार्कचा, घर कडक प्रॉटेस्टंट वळणाचे. ते बारा वर्षांचे असताना कुटुंब शेतावर राहायला गेले. विस्कॉन्सिन विद्यापीठात त्यांनी आधी शेतकी निवडली, पण पदवी इतिहासाची घेतली (१९२४). न्यूयॉर्कमध्ये दोन वर्षे धर्मशास्त्र शिकून ते कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात मानसशास्त्राकडे वळले (पीएच.डी. १९३१). दरम्यान १९२८ पासून ते रॉचेस्टर येथे बालकांना क्रूर वागणुकीपासून संरक्षण देणाऱ्या संस्थेत काम करू लागले होते.

पद्धतीच्या उगमाविषयी एकमत नाही. रॉजर्स स्वतः ११ डिसेंबर १९४० रोजी मिनेसोटा विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानाला तिचा जन्मदिवस मानत. ही तारीख संकेतापुरतीच घ्यावी. समस्याग्रस्त बालकांवरील त्यांच्या १९३९ च्या ग्रंथातच नात्यावर आधारित उपचाराची चर्चा आहे. काही अभ्यासक मूळ प्रेरणा मनोविश्लेषक ऑटो रँक यांच्याकडे नेतात. रँक १९३६ मध्ये रॉचेस्टरला येऊन गेले होते. तथापि रँक यांचे विचार रॉजर्स यांच्यापर्यंत मुख्यतः फिलाडेल्फियाच्या समाजकार्यकर्त्यांमार्फत, विशेषतः जेसी टॅफ्ट यांच्या लेखनातून पोहोचले असावेत. टीचर्स कॉलेजातील विल्यम किलपॅट्रिक यांच्या शिक्षणविचाराचाही वाटा सांगितला जातो. रॉचेस्टरमधील प्रत्यक्ष कामाचे महत्त्व मात्र या वादात झाकोळते. तेथील एक प्रसंग रॉजर्स यांनी नोंदवला आहे. एका दांडग्या मुलाच्या आईला, तिने मुलाला लहानपणी झिडकारले हेच दुखण्याचे मूळ आहे, हे पटवण्याचा त्यांनी बऱ्याच बैठकांत प्रयत्न केला. यश येईना, तेव्हा दोघांनी थांबायचे ठरवले. दारापर्यंत गेलेल्या त्या बाईंनी वळून विचारले, की येथे मोठ्या माणसांनाही समुपदेशन मिळते का? परत बसून त्यांनी आपल्या संसाराचे दुःख सांगितले, ते आधीच्या नीटस वृत्तांतापेक्षा अगदी वेगळे होते. दुखते कुठे आणि जायचे कुठे हे सल्लार्थीलाच ठाऊक असते, हा निष्कर्ष रॉजर्स यांनी येथून काढला. पद्धतीचे बीज याच अनुभवांत शोधणे अधिक सयुक्तिक वाटते.

रॉजर्स यांच्या १९४२ च्या ग्रंथात या पद्धतीचे नाव ‘अनिर्देशक’ (सल्लार्थीला दिशा न दाखवणारी) असे होते. ‘सल्लार्थीकेंद्रित’ हे नाव १९५१ च्या ग्रंथाने रूढ केले. १९४२ च्या ग्रंथात ध्वनिमुद्रणावरून उतरवलेला एका संपूर्ण उपचाराचा शब्दशः संवाद छापला होता. बंद दाराआडची ही प्रक्रिया त्यामुळे इतरांना तपासता आली. १९५७ च्या निबंधात रॉजर्स यांनी सहा अटी मांडल्या. त्यांपैकी समुपदेशकाची आंतरिक सुसंगती (आत एक आणि बाहेर एक असे नसणे), सल्लार्थीचा विनाअट स्वीकार आणि समानुभूती (त्याचे अनुभव त्याच्या जागी राहून समजून घेणे) या तीन विशेष प्रसिद्ध आहेत. या अटी आवश्यक आहेतच, शिवाय पुरेशाही आहेत, हा दावा सर्वाधिक वादग्रस्त ठरला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांना तो मान्य नव्हता. त्यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी वाचकांना कि. मो. फडके यांच्या लेखनातून परिचित आहे. १९५७ मध्येच तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांनी मिशिगन येथील जाहीर संवादात वेगळा आक्षेप घेतला: मदत मागणारा व देणारा यांची स्थिती समान नसते, म्हणून हे नाते पूर्णतः परस्पर होऊ शकत नाही. हा आक्षेप अजूनही विचारात घेण्याजोगा आहे.

विस्कॉन्सिनमधील मेंडोटा रुग्णालयात छिन्नमनस्कतेच्या (स्किझोफ्रेनिया या तीव्र मनोविकाराच्या) रुग्णांवर या पद्धतीची कसोटी घेण्यात आली. अहवाल १९६७ मध्ये निघाला. उपचार घेतलेला गट व तुलनेचा गट यांत एकंदर फारसा फरक आढळला नाही. मात्र ज्यांना अधिक समानुभूती लाभली, त्या रुग्णांत सुधारणा तुलनेने अधिक दिसली.